आईवडिलांचे स्थलांतर प्रायोजन

आईवडिलांचे स्थलांतर प्रायोजन म्हणजे परदेशात नागरिक किंवा कायम रहिवासी झालेल्या व्यक्तीने आपल्या आईवडिलांना त्या देशात कायम वास्तव्यासाठी बोलावून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. बोलीभाषेत तिला 'आईवडिलांना स्पॉन्सर करणे' असे म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व युनायटेड किंग्डम या देशांच्या कायद्यांत तिची तरतूद आहे. मात्र अटी, शुल्क आणि प्रतीक्षेचा कालावधी प्रत्येक देशात वेगळा आहे.

या प्रक्रियेतील विलंब दोन प्रकारचा असतो. पहिला विलंब यजमान देशाच्या कायद्यातून येतो. वार्षिक मर्यादा, सोडत, साचलेले अर्ज आणि प्रायोजकाला नागरिकत्व मिळेपर्यंतचा काळ ही त्याची कारणे असून अर्जदाराला त्यावर फारसे नियंत्रण नसते. दुसरा विलंब कागदपत्रांतून येतो. जन्माची नोंद नसणे, विवाहाची नोंद नसणे, नावांतील तफावत आणि जन्मस्थळाच्या जिल्ह्याविषयीचा गोंधळ यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यासारख्या पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील भागात दुसऱ्या प्रकाराला ऐतिहासिक कारणे आहेत. योग्य तयारीने हा विलंब बऱ्याच अंशी टाळता येतो. अर्जाचा विषय वृद्ध व्यक्ती असल्यामुळे दोन्ही प्रकारांत गेलेला काळ भरून निघत नाही.

संज्ञा

अर्ज करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला प्रायोजक अथवा याचिकाकर्ता म्हणतात. ज्यांच्यासाठी अर्ज होतो त्या आईवडिलांना लाभार्थी म्हणतात. आईवडिलांचा खर्च आपण उचलू आणि ते सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाहीत, अशी लेखी हमी प्रायोजक देतो. ही हमी कायद्याने बंधनकारक असते. याचिका दाखल झाल्याच्या तारखेला अग्रक्रम तारीख म्हणतात. ज्या प्रवर्गांत वार्षिक मर्यादा असते, तेथे रांगेतील स्थान या तारखेवरून ठरते.

देशनिहाय व्यवस्था

अमेरिका

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यात १९६५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि कौटुंबिक संबंध हा स्थलांतराचा प्रमुख आधार बनला. त्या दुरुस्तीने अमेरिकी नागरिकांच्या आईवडिलांचा समावेश 'निकटच्या नातेवाईक' या वर्गात केला. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे नागरिकांच्या भावंडांना जशी दीर्घ रांग असते, तशी आईवडिलांना कागदोपत्री नसते.

प्रत्यक्षातील रांग मात्र याचिकेच्या आधीच लागलेली असते. आईवडिलांना प्रायोजित करण्यासाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचा नागरिक आणि किमान २१ वर्षे वयाचा असावा लागतो. केवळ ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला हा अधिकार नाही. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची मूळ वार्षिक संख्या १,४०,००० ठरवली. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांसाठी सामान्यतः ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतातून जाणाऱ्या अभियंत्यांची संख्या मोठी असल्याने या मर्यादेमुळे अनेक भारतीयांना ग्रीन कार्डासाठी दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नागरिकत्वासाठी सामान्यतः आणखी पाच वर्षे लागतात. पंचविशीत अमेरिकेला गेलेली व्यक्ती त्यामुळे अनेकदा चाळिशी ओलांडल्यावरच आईवडिलांसाठी अर्ज करण्यास पात्र होते. तोपर्यंत आईवडील सत्तरीच्या आसपास पोहोचलेले असतात.

पात्रता मिळाल्यानंतरचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे 'आय-१३०' याचिका दाखल करणे. आई आणि वडील यांच्यासाठी दोन स्वतंत्र याचिका लागतात. एकाच्या याचिकेत दुसऱ्याचा समावेश होत नाही.
२. याचिका मंजूर झाल्यावर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे शुल्क, 'डीएस-२६०' अर्ज, 'आय-८६४' हमीपत्र आणि नागरी कागदपत्रे सादर केली जातात. हमीपत्रासाठी प्रायोजकाचे उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक रकमेच्या १२५ टक्के असावे लागते. उत्पन्न कमी पडल्यास संयुक्त प्रायोजक घेता येतो.
३. कागदपत्रे पूर्ण असल्याचे केंद्राने मान्य केल्यावर मुलाखतीची तारीख मिळते. भारतातील स्थलांतरित व्हिसांचे प्रमुख केंद्र मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात असलेले अमेरिकी वाणिज्य दूतावास हे आहे.
४. मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, मुलाखत आणि व्हिसा.

मुलाखतीत एखादे कागदपत्र अपुरे वाटल्यास अधिकारी कायद्याच्या कलम २२१(जी) खाली प्रकरण राखून ठेवतो. मागितलेले कागदपत्र एका वर्षात न दिल्यास नवा अर्ज करून पुन्हा शुल्क भरावे लागते. वैद्यकीय तपासणीची वैधता मर्यादित, बहुधा सहा महिन्यांची असते. त्यामुळे प्रकरण लांबल्यास तपासणीही पुन्हा करावी लागते.

कोविड-१९ च्या साथीत २० मार्च २०२० पासून अमेरिकेच्या दूतावासांतील नियमित व्हिसा सेवा जगभर थांबवण्यात आल्या. एप्रिल २०२० मध्ये निघालेल्या अध्यक्षीय घोषणेने बहुतेक नव्या स्थलांतरित व्हिसांवर स्थगिती आणली. नागरिकांचे पती-पत्नी आणि २१ वर्षांखालील मुले यांना त्यातून सूट होती, परंतु आईवडिलांना नव्हती. ही घोषणा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मागे घेण्यात आली. संख्येची मर्यादा नसलेल्या वर्गालाही धोरणात्मक निर्णयाने विलंब होऊ शकतो, हे या घटनेतून दिसून आले.

कॅनडा

कॅनडात नागरिकांसोबत कायम रहिवाशांनाही आईवडील व आजीआजोबांना प्रायोजित करता येते. त्यामुळे पात्रता लवकर मिळते, पण अर्ज करण्याची संधीच मर्यादित असते. साचलेल्या अर्जदारांची संख्या १,६०,००० हून अधिक झाल्याने सरकारने ५ नोव्हेंबर २०११ पासून नवे अर्ज घेणे थांबवले. जानेवारी २०१४ मध्ये योजना ५,००० अर्जांच्या वार्षिक मर्यादेसह पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये सोडत पद्धत आली. जानेवारी २०१९ मध्ये 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या तत्त्वावर उघडलेला ऑनलाइन अर्ज काही मिनिटांतच बंद झाला आणि त्यावर मोठी टीका झाली. ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२० मध्ये इच्छुकांची नोंदणी घेण्यात आली. त्यानंतरच्या वर्षांतील निमंत्रणे त्याच यादीतून दिली गेली. २०२५ मध्येही त्या यादीतील १७,८६० इच्छुकांना निमंत्रणे पाठवण्याचे जाहीर झाले. परिणामी २०२० नंतर पात्र झालेल्या प्रायोजकांना या फेऱ्यांत स्थान मिळाले नाही.

प्रायोजकाला लागोपाठ तीन कर-वर्षांचे किमान उत्पन्न दाखवावे लागते. क्युबेक वगळता आईवडिलांच्या खर्चाची हमी २० वर्षांची असते.

ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात पालक व्हिसाचे दोन मुख्य प्रकार आहेत. साध्या पालक व्हिसाचे शुल्क कमी आहे. मात्र त्याची प्रतीक्षा ३० वर्षांहून अधिक असल्याचे तेथील सरकारच सांगते. साठीच्या पुढील अर्जदारासाठी हा मार्ग जवळजवळ बंद असल्यासारखाच आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या अंशदायी पालक व्हिसाची प्रतीक्षा तुलनेने कमी आहे. तरीही ती दहा वर्षांच्या पुढे गेली आहे आणि शुल्क प्रतिव्यक्ती ४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे. २०२३-२४ मध्ये सर्व पालक व्हिसांसाठी मिळून ८,५०० जागा ठेवण्यात आल्या होत्या.

'कौटुंबिक समतोल चाचणी' ही आणखी एक अट आहे. एकूण मुलांपैकी किमान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात कायम राहत असावीत, किंवा तेथे राहणाऱ्या मुलांची संख्या इतर कोणत्याही एका देशातील मुलांपेक्षा जास्त असावी, असे तिचे स्वरूप आहे. एक मुलगा जालन्यात, एक मुलगी पुण्यात आणि एक मुलगा सिडनीत असलेले कुटुंब या चाचणीत बसत नाही. अशा कुटुंबाने अर्ज करण्यापूर्वीच ही बाब तपासणे आवश्यक ठरते.

न्यूझीलंड व युनायटेड किंग्डम

न्यूझीलंडने ऑक्टोबर २०१६ मध्ये पालक प्रवर्गात नवे अर्ज घेणे स्थगित केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वर्षाला २,५०० जागांच्या मर्यादेसह पुन्हा सुरू झाला. त्यांतील २,००० जागा आधीच्या रांगेसाठी आणि ५०० जागा सोडतीसाठी होत्या. युनायटेड किंग्डममध्ये ९ जुलै २०१२ पासून नियम कडक झाले. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे दैनंदिन कामांसाठी दीर्घकालीन शुश्रूषा लागते आणि ती प्रायोजकाच्या आर्थिक मदतीनेही मायदेशात मिळू शकत नाही, हे तेथे सिद्ध करावे लागते. या अटीमुळे तेथे प्रश्न विलंबाचा न राहता मुख्यतः पात्रतेचाच झाला आहे.

जालना जिल्ह्यातील नोंदींचा प्रश्न

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके त्यात आले. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके निर्माण होऊन एकूण संख्या आठ झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि दर पाचपैकी सुमारे चार जण ग्रामीण भागात राहत होते.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आज साठ ते ऐंशी वर्षे वयाच्या आईवडिलांचा जन्म या चारपैकी कोणत्याही राजवटीतला असू शकतो. निजामकाळातील दप्तर प्रामुख्याने उर्दूत आहे. त्यात फसली सन वापरला जाई. फसली सनात ५९० मिळवल्यास इसवी सन अंदाजे मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ म्हणजे इसवी सन १९४७-४८ होय.

या जुन्या दप्तराकडे महाराष्ट्राचे लक्ष वेगळ्या कारणाने वेधले गेले. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी खासरा पत्रक, गाव नमुना १४ अर्थात जन्म-मृत्यू नोंदवही, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे अशा अभिलेखांची छाननी झाली. या शोधाचा हेतू जातीच्या नोंदी मिळवणे हा होता. तथापि उर्दू व मोडी लिपीतील कोणते अभिलेख कोणत्या कार्यालयात असतात, याची माहिती त्यातून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. हेच अभिलेख जन्म आणि नातेसंबंधाचा दुय्यम पुरावा म्हणूनही उपयोगी पडू शकतात.

जन्मनोंद

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ देशाच्या बहुतांश भागात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी गावपातळीवरील नोंद कोतवाल पुस्तकावर अवलंबून होती. घरी झालेल्या अनेक जन्मांची नोंद होत नसे. झालेल्या नोंदीतही बहुधा बाळाचे नाव नसून केवळ वडिलांचे नाव आणि अपत्याचे लिंग असे.

अमेरिकेच्या प्रक्रियेत दोन वेगळ्या जन्मनोंदींची गरज असते आणि त्यांची गल्लत वारंवार होते. याचिकेच्या टप्प्यावर प्रायोजक मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला लागतो, कारण नाते त्यावरून सिद्ध होते. आईवडिलांचे स्वतःचे जन्मदाखले नंतर, व्हिसा केंद्राच्या टप्प्यावर लागतात. प्रायोजकाच्या जन्मनोंदीत नाव भरलेले नसल्यास ते कलम १४ खाली भरता येते. नियमांनी त्यासाठी १५ वर्षांची मुदत ठेवली असून जुन्या नोंदींसाठी ती वेळोवेळी वाढवण्यात आली आहे.

नोंदच झाली नसल्यास कलम १३ नुसार विलंबित नोंदणी करता येते. जन्माला एक वर्ष उलटून गेले असल्यास पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दिला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विलंबित नोंदणीची छाननी अधिक कडक केली.

वयस्क आईवडिलांसाठी विलंबित नोंदणी हा नेहमीच उत्तम मार्ग ठरत नाही. जन्मानंतर पन्नास-साठ वर्षांनी तयार झालेल्या दाखल्याला परदेशी अधिकारी कमी महत्त्व देतात आणि त्यासोबत जुना पुरावा मागतात. १९७० पूर्वी जन्मलेल्यांच्या बाबतीत अमेरिकी दूतावास ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे 'नोंद आढळत नाही' असे प्रमाणपत्र आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला यांसारखा दुय्यम पुरावा विचारात घेतात. दुय्यम पुरावाही नसल्यास, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे देता येतात. ऐंशीच्या घरातील आत्या किंवा मामा हे अशा वेळी अखेरचे साक्षीदार असतात. त्यामुळे ही प्रतिज्ञापत्रे याचिकेची वाट न पाहता आधीच करून ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. कागदोपत्री पुरावा अपुरा वाटल्यास अधिकारी डीएनए चाचणीही सुचवू शकतात.

जन्मतारीख

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक ज्येष्ठांची शालेय जन्मतारीख १ जून अशी आढळते. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसल्यास शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहिण्याची पद्धत होती. पुढे आधार कार्ड, निवृत्तिवेतन व पारपत्र यांत तीच तारीख कायम झाली. जुन्या गावनोंदीत वेगळी तारीख सापडल्यास दोन्ही कागद सादर करून तफावतीचे कारण प्रतिज्ञापत्रात नमूद करणे योग्य ठरते. तफावत लपवल्याने संशय निर्माण होतो आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो.

नावे

मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते आणि पारपत्रात मधले नाव बहुधा 'दिलेले नाव' या रकान्यात जाते. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव, मधले नाव आणि कित्येकदा स्वतःचे नावही बदलते. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे सासरचे, घरगुती किंवा अपूर्ण नाव असते. तिच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचे नाव असते. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती ठरू शकतात.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. जन्मनोंदीत चूक असल्यास कलम १५ नुसार निबंधकाकडून दुरुस्ती करता येते. नाव खरोखर बदलले असल्यास ते महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करता येते. केवळ लेखनातील भेद असल्यास 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडता येते.

विवाहनोंद

वडिलांसाठी अमेरिकेत याचिका करताना आईवडिलांच्या विवाहाचा पुरावा लागतो. १९६० किंवा १९७० च्या दशकात गावी झालेल्या विवाहांची नोंद क्वचितच असते. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली अशा विवाहाची उशिरा नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्रे, उपस्थितांची प्रतिज्ञापत्रे आणि शिधापत्रिका ही पूरक कागदपत्रे ठरतात. पती-पत्नी दोघेही हयात असताना ही नोंदणी सोपी असते. एकाच्या निधनानंतर ती बरीच अवघड होते.

जिल्ह्याचे नाव

१९५२ मध्ये परतूरला जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. परभणी' आणि पारपत्रावर 'जालना' असू शकते. अंबड किंवा भोकरदन येथे जन्मलेल्यांच्या दाखल्यावर 'जि. औरंगाबाद' असते. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाल्याने त्यात आणखी एका नावाची भर पडली. गाव तेच असून १९८१ मध्ये जिल्हा बदलला, असे स्पष्टीकरण अर्जासोबत जोडल्यास हा आक्षेप सहसा दूर होतो.

कागदपत्रे मिळवण्याची कार्यपद्धती

ग्रामीण भागात जन्मनोंदीसाठी ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका हे निबंधक कार्यालय असते. जालना शहराची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. जुन्या नोंदवह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असू शकतात. शाळेच्या दाखल्यासाठी जिल्हा परिषदेच्या मूळ शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागता येतो.

जन्मदाखला देणे ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करता येते. जुन्या नोंदवहीची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालीही मागता येते. त्यासाठी उत्तराची सामान्य मुदत ३० दिवस आहे. नोंद न सापडल्याचे लेखी उत्तर हाही परदेशातील अर्जात उपयोगी पुरावा ठरतो.

मराठी व उर्दू कागदपत्रांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपण ते करण्यास सक्षम असल्याचे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित करावे लागते. पोलीस पडताळणी प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्याची वैधता मर्यादित असल्याने ते फार आधी काढून उपयोग होत नाही.

बायोमेट्रिक नोंद, वैद्यकीय तपासणी व मुलाखत यांसाठी जालन्यातील ज्येष्ठांना सुमारे ४०० किलोमीटरवरील मुंबईला जावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग यांमुळे हा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे.

विलंब झाल्यास उपलब्ध मार्ग

यजमान देशातील विलंबाविरुद्ध पुढील मार्ग उपलब्ध असतात :

• चौकशी : अमेरिकेत प्रकरण नेहमीच्या कालमर्यादेबाहेर गेल्यावर विभागाकडे अधिकृत चौकशी नोंदवता येते. कॅनडात ऑनलाइन नमुन्याद्वारे चौकशी करता येते. माहिती अधिकारासारख्या तेथील तरतुदीखाली प्रकरणातील टिपणेही मागवता येतात.
• तातडीची विनंती : गंभीर आजार किंवा मानवतावादी कारण असल्यास प्रकरण लवकर घेण्याची विनंती करता येते. रुग्णालयाचे कागद आणि डॉक्टरांचे पत्र त्यासोबत लागते. केवळ वय जास्त असणे हे कारण सहसा पुरेसे मानले जात नाही.
• लोकप्रतिनिधी : अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या किंवा सिनेटच्या सदस्याचे कार्यालय आणि कॅनडात खासदाराचे कार्यालय मतदारसंघातील रहिवाशांच्या प्रकरणांची चौकशी करते. त्यामुळे निर्णय बदलत नाही, मात्र प्रकरण कोठे अडले आहे हे कळू शकते.
• न्यायालय : अवाजवी विलंब झाल्यास निर्णय देण्याचा आदेश मागणारी याचिका दोन्ही देशांच्या संघीय न्यायालयांत करता येते. न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकते. तो अनुकूलच असावा असे सांगत नाही.

राष्ट्रीय व्हिसा केंद्राशी एक वर्ष संपर्क न ठेवल्यास अमेरिकेतील प्रकरण बंद होऊ शकते. मंजूर याचिकेचा प्रायोजक मरण पावल्यास ती आपोआप रद्द होते. मानवतावादी कारणास्तव ती पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करणे अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकारात असते.

तात्पुरते पर्याय

प्रतीक्षेच्या काळात अनेक कुटुंबे दीर्घ मुदतीच्या भेट व्हिसाचा आधार घेतात. कॅनडाने १ डिसेंबर २०११ रोजी सुरू केलेला 'सुपर व्हिसा' दहा वर्षांपर्यंत वैध असतो. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा प्रायोजित तात्पुरता पालक व्हिसा सुरू केला. त्यावर एकूण दहा वर्षांपर्यंत राहता येते. न्यूझीलंडनेही २०२५ मध्ये पाच वर्षांचा पालक भेट व्हिसा आणला.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका भेटीत सामान्यतः सहा महिने राहता येते. साथीनंतर २०२२ मध्ये भारतातील प्रथम अर्जदारांना मुलाखतीसाठी काही ठिकाणी दोन वर्षांहून अधिक थांबावे लागले. स्थलांतराची याचिका प्रलंबित असताना पर्यटक व्हिसा मागितल्यास कायम राहण्याचा हेतू असल्याचे गृहीत धरून तो नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे आईवडिलांना परतीचा भेट व्हिसा हवा की कायम वास्तव्य, हे याचिका करण्यापूर्वी ठरवणे महत्त्वाचे असते.

सामाजिक परिणाम

विलंबाचा सर्वांत मोठा परिणाम म्हणजे प्रक्रिया पूर्ण होताना कुटुंबाची स्थिती बदललेली असणे. आई आणि वडील यांची प्रकरणे अमेरिकेत स्वतंत्र असल्याने एकाचा व्हिसा मंजूर होऊन दुसऱ्याचा अडकू शकतो. काही वेळा एकाचे निधन झाल्यावर दुसऱ्याला एकट्याने स्थलांतर करावे लागते. वाढत्या वयानुसार वैद्यकीय तपासणीतील अडचणीही वाढतात. कॅनडात आरोग्यसेवेवर अति भार पडण्याची शक्यता हे आईवडिलांच्या बाबतीत नकाराचे कारण होऊ शकते.

व्हिसा मिळाल्यानंतरही काही प्रश्न उरतात. अमेरिकेत नव्याने आलेल्या ज्येष्ठांना 'मेडिकेअर' आरोग्य विमा सामान्यतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर आणि पूर्ण हप्ता भरूनच घेता येतो. ग्रीन कार्ड टिकवण्यासाठी अमेरिकेत प्रत्यक्ष वास्तव्य ठेवावे लागते. दीर्घकाळ भारतात राहिल्यास ते सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. शेती असलेल्या कुटुंबांना परकीय चलन व्यवस्थापन कायद्यातील तरतुदीही पाहाव्या लागतात. परदेशात वास्तव्यास गेलेल्या व्यक्तीला आधीपासूनची शेतजमीन ठेवता येते, परंतु अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. या कारणांमुळे काही ज्येष्ठ पात्र असूनही कायम स्थलांतर टाळतात आणि भेट व्हिसावर वर्षातील काही महिने मुलांकडे राहणे पसंत करतात.

कायदेशीर रांगेचा कालावधी कुटुंबाच्या हाती नसला, तरी त्या काळाचा उपयोग त्याच्या हाती असतो. प्रायोजक पात्र होण्याची वाट पाहत असतानाच नाव, जन्म व विवाह यांच्या नोंदी जुळवून घेतल्यास, रांग संपल्यानंतर कागदपत्रांमुळे होणारा दुसरा विलंब टळतो. जन्माचे आणि विवाहाचे साक्षीदार हयात असेपर्यंतच हे काम सहज होण्यासारखे असते.